आधी कुलपं काढा

"आबा, आधी कुलपं काढा, मग पिक्चर लावतो."

हे मी बोललो आणि माझं मलाच खरं वाटेना. समोर आबासाहेब नलवडे उभे होते, बार्शीच्या रूपदर्शन टॉकीजचे मालक. तरुणपणी कुस्तीत नाव काढलेला माणूस. केबिनच्या दारात उभे राहिले की मागचा जिना दिसायचा बंद व्हायचा. मी त्यांचा ऑपरेटर, म्हणजे पिक्चरचं मशीन चालवणारा. कार्बनच्या दोन कांड्या एकमेकींजवळ नेऊन पांढरा जाळ पेटवायचा आणि त्याच्या उजेडात पडद्यावर चित्र उमटवायचं, हा तेव्हाचा कारभार. ती विद्या मला आबांनीच शिकवलेली. त्यांच्या पुढ्यात मी कधी खुर्चीवर बसलेलो नव्हतो, आणि आज त्यांना अट घालत होतो.

"काय म्हणालास?" आबांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर बरं वाटलं असतं.

"दारांना बाहेरून कुलपं आहेत आबा. चारी दारांना. असा खेळ मी चालवणार नाही."

केबिनच्या झरोक्यातून खालचा गोंधळ वर येत होता. रविवारचा तीनचा खेळ, नवा कोरा मारधाडीचा पिक्चर, आणि सगळी बार्शी लोटलेली. खुर्च्या भरल्यावर आबांनी शेजारच्या मंगल कार्यालयातली बाकडी आणवून मधल्या वाटांत टाकली होती. तीही भरली तशी माणसं पडद्यापुढं मांडी घालून बसली होती. विड्यांच्या धुरानं पडदा निळसर दिसत होता. खाली शिट्ट्या, टाळ्या, पाय आपटणं. बायकांच्या बाजूला लेकरं रडत होती.

खेळाआधी मी टॉकीजशेजारच्या बोळात चहा प्यायला उतरलो तेव्हा ती कुलपं माझ्या नजरेला पडली. बाहेर पडायच्या दारांना एरवी फक्त आतून कडी असायची. त्या दिवशी बाहेरून कोयंडे ठोकून चकचकीत पितळी कुलपं अडकवली होती. आतून कुणीतरी दार बडवत होतं. त्याला वाटतं बाहेर यायचं होतं.

आमचे म्हातारे डोअरकीपर गफूरचाचा तिथंच उभे होते.

"चाचा, हे काय?"

"शुक्रवारी, शनिवारी पोरं आतून कडी काढून दोस्तांना फुकट आत घेत होती ना. त्याला मॅनेजरसाहेबांनी इलाज केला."

"आणि चाव्या?"

"साहेबांच्या खिशात."

"आत काही पेटलं, चेंगराचेंगरी झाली तर?"

चाचांनी आभाळाकडं बघून दोन्ही गालांना हात लावले. "असं बोलू नको दिगूभाई."

मॅनेजर खमितकरांना गाठलं तर ते म्हणाले, "ढगे, तुमचं काम वर. दारं माझ्याकडं." मग मी वर आलो आणि मशीनला हात न लावता बसून राहिलो. खमितकरांनी आबांना बोलावून आणलं.

"दिगू," आबा म्हणाले, "आजपर्यंत इथं काही झालंय?"

"नाही."

"मग आजच काय होतंय?"

"होईल असं नाही म्हणत मी. पण ऑपरेटरचं लायसन्स देताना सरकारी साहेबानं मला समोर उभं करून बजावलं होतं. खेळ चालू असताना बाहेरच्या दारांना कुलूप असता कामा नये. कायदा आहे तो. खाली शेकड्यांनी माणसं कोंडलीत आबा."

"मला कायदा शिकवतोस? मी जत्रेत तंबू ठोकून पिक्चर दाखवत होतो तेव्हा तुझं नाक वाहत होतं."

"तंबूला दारंच नव्हती. कनात उचलली की माणूस बाहेर."

आबांनी झरोक्यातून खाली दारांकडं बघितलं. मला वाटलं, पटलं. तेवढ्यात खालून कुणीतरी आरोळी दिली, "ए ऑपरेटर, झोपला का रं?" आणि सगळं थिएटर हसलं. ते हसणं आबांना लागलं.

"शेवटचं विचारतो. लावतोस का नाही?"

"कुलपं काढा. या घटकेला लावतो."

"मग उतर खाली. परत या जिन्यावर पाय ठेवायचा नाही."

त्यांनी मला एका हातानं बाजूला सारलं, शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि कार्बन जुळवले. इतक्या वर्षांत त्यांनी मशीनला हात लावलेला मी बघितला नव्हता. पण बोटं विसरली नव्हती. लख्ख उजेड झाला, रीळ खडखडत सुरू झालं, खाली शिट्ट्यांचा नुसता पाऊस. त्या तसल्या वेळीही माझ्या मनात आलं, काय हात आहे माणसाचा! आणि मी जिना उतरलो.

घरी जायचं सोडून मी बोळात गेलो. पाय पुढं जाईनातच. गटाराच्या कडेला एक धोंडा पडला होता, तो उचलला आणि दाराशी उभा राहिलो. आत काही झालं तर निदान एक कुलूप तरी फोडता येईल, एवढंच डोक्यात. भिंतीतून गाणी ऐकू येत होती, ठोसे ऐकू येत होते. आत बाई किंचाळली की माझा हात वर जायचा. मग पाठोपाठ टाळ्या वाजायच्या आणि कळायचं की किंचाळणारी बाई पडद्यावरची. असं किती वेळा झालं असेल! तो पिक्चर मी न बघताही आत बसलेल्यांपेक्षा जास्त बघितला असेन.

आणि काहीही झालं नाही.

खेळ सुटला. खमितकरांनी येऊन कुलपं काढली. माणसं घामानं निथळत, हसत, एकमेकांना खोटे ठोसे मारत बाहेर पडली. एकानं मला विचारलं, "बघितला का? काय फायटिंग आहे!" मी धोंडा घेऊन तसाच उभा.

घरी शालन भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं. तिनं तवा खाली उतरवला.

"मग? आत काय झालं?"

"काही नाही."

"म्हणजे बरंच झालं की. मग तोंड का असं पाडलंय?"

"लोक हसतील शालन. म्हणतील, उगाच घाबरला आणि नोकरी घालवली."

"अहो, माणसं मेली असती म्हणजे तुम्ही खरे ठरला असता का?" ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात तेव्हाच खरे होतात. उद्या सोलापूरला जा. गिरणीतला माझा भाऊ ज्या वकीलबाईचं नाव घेतो तिला भेटा. घरात बसून मला सांगू नका, कोर्टात सांगा."

ॲडव्होकेट शैलजा बिराजदार वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. चाटी गल्लीत एका कापड दुकानाच्या माडीवर त्यांचं ऑफिस. बोलायला लागल्या की मराठीला मधूनच कानडी हेल यायचा. मी सांगायला सुरुवात केली तेव्हा त्या बसलेल्या होत्या. कुलपांपर्यंत आलो तेव्हा उभ्या राहिल्या. धोंड्यापर्यंत आलो तेव्हा खोलीत येरझाऱ्या घालत होत्या.

"म्हणजे नोटीस नाही, चौकशी नाही, जिन्यावरच नोकरी गेली?"

"हो."

"ढगे, तेवढ्यावरसुद्धा आपण जिंकू शकतो. असं काढताच येत नाही माणसाला. पण मला तेवढ्यावर जिंकायचं नाही."

मला काही कळेना. "जिंकणं ते जिंकणं नाही का बाई?"

"नाही ना! नुसतं तेवढ्यावर जिंकलात तर उद्या ते तुम्हाला परत घेतील, रीतसर चौकशी करतील, आणि मालकाचा हुकूम मोडला म्हणून परत काढतील. तुमचं त्या दिवशीचं 'नाही' बरोबर होतं, असं मला कोर्टाकडून म्हणवून घ्यायचंय." त्यांचे डोळे नुसते चमकत होते. "कुलपं होती हे कोण सांगेल?"

"गफूरचाचा. ते खोटं बोलत नाहीत."

"बघू," त्या म्हणाल्या. "आणि मालकांना मी एकच प्रश्न विचारणार आहे."

"कुठला?"

"तो त्यांनाच आधी ऐकू दे."

केस लागली. कामगार कोर्टात तारखा पडत राहिल्या. मी मेव्हण्याच्या ओळखीनं विजेच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून द्यायच्या एका दुकानात काम धरलं. मालकांचं म्हणणं कोर्टात दाखल झालं, ते ऐकून मी थक्कच झालो. दारांना कुलपं नव्हतीच. ढगे उद्धट झाला, मालकाचा कायदेशीर हुकूम त्यानं भर खेळाच्या वेळी मोडला, म्हणून त्याला काढला. सगळी रचना खमितकरांची. आबा असलं काही बोलतील हे मला खरं वाटेना, पण खाली सही त्यांची होती.

साक्षीच्या दिवशी कोर्टात पहिल्यांदा गफूरचाचा उभे राहिले. मालकांच्या बाजूनं! स्वच्छ शेरवानी घालून आले होते.

मालकांच्या वकिलांनी विचारलं, "त्या रविवारी दारांना कुलपं होती?"

"नाही साहेब. आतून कड्या होत्या. नेहमीसारख्या."

माझ्या कानांतून वाफा निघाल्या. मी त्यांच्याकडं बघत राहिलो. ते खिडकीकडं बघत राहिले. आता बाई उठतील आणि त्यांना उभं चिरतील असं मला वाटलं. बाई उठल्या.

"चाचा, घरी कोण कोण असतं?"

"मुलीची मुलं आहेत. मी एकटाच कमावतो."

"बसा तुम्ही."

एवढंच. मी त्यांच्या कानाशी लागलो, "सोडलंत कशाला त्यांना? खोटं बोलले ते!"

"मला दिसतंय ते," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "त्या म्हाताऱ्याचा बळी देऊन मला नाही जिंकायचं. तुम्ही आबासाहेबांकडं बघा. त्यांचं तोंड बघा."

मी मागं वळून बघितलं. आबा बाकावर बसून चाचांकडं बघत होते. हा माणूस त्यांच्याबरोबर तंबूच्या काळापासूनचा. आबांच्या जबड्याची हाडं हलत होती, जणू काहीतरी कडू चघळत होते.

मग आबांचं नाव पुकारलं. पिंजऱ्याच्या फळ्या त्यांच्या वजनानं करकरल्या. त्यांच्या वकिलांनी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी पाठ केल्यासारखी उत्तरं दिली. मग बिराजदारबाई उठल्या. त्यांच्यासमोर त्या एवढ्याशा दिसत होत्या.

"दारांना कुलपं होती?"

आबांनी खमितकरांकडं बघितलं. "मला ठाऊक नाही. दारांचं मॅनेजर बघतो."

"बरं. रूपदर्शनला पिक्चर कुठला लावायचा, तेही मॅनेजरच ठरवतात?"

"छे! ते मी ठरवतो."

"त्या दिवशी मंगल कार्यालयातली बाकडी कोणी आणवली?"

"मी."

मालकांच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. वाटांत बाकडी टाकली होती हे आबा सहज बोलून गेले होते.

"ढग्यांना कोणी काढलं?"

"मी काढलं. मीच."

"म्हणजे सगळं तुम्ही. फक्त दारांवर तुमचं चालत नाही. दारं उघडी ठेवायची का बंद, हे खमितकर ठरवणार आणि तुम्हाला पत्तासुद्धा नसणार. असंच ना?"

आबांची मान लाल झाली. "बाई, जपून बोला."

"मी तुमचंच म्हणणं परत सांगतेय. तुमच्या थिएटरात मॅनेजरचा हुकूम चालतो."

"रूपदर्शनमध्ये मला विचारल्याशिवाय कुणी खिळासुद्धा ठोकत नाही!" आबा गरजले.

"खिळा नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि कुलूप?"

मी बाक घट्ट धरून बसलो होतो. मागं खमितकर खोकले.

मालकांचे वकील ताडकन उठले. "साहेब, कुलपं होती हे अजून शाबीत—"

"थांबा हो तुम्ही!" आबा आपल्याच वकिलावर ओरडले. मग न्यायाधीशांकडं वळून त्यांनी हात जोडले. "साहेब, होती कुलपं. मीच आणवली. मीच लावायला सांगितली. फुकटी पोरं घुसत होती म्हणून लावली. मी आयुष्यात केलेलं कधी नाकारलं नाही, आणि आज माझ्यापायी त्या चाचाला सगळ्यांसमोर खोटं बोलावं लागलं. त्याला काही करू नका. मला काय विचारायचं ते विचारा."

चाचांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. माझ्या अंगावर असा काटा आला की तो अजून, हे सांगतानाही येतो.

बाईंनी आवाज अजिबात चढवला नाही. उलट खाली आणला.

"आबासाहेब, हुकूम मोडला म्हणून तुम्ही ढग्यांना काढलंत. तो हुकूम द्यायचा तुम्हाला अधिकार होता का?"

"थिएटर माझं आहे."

"थिएटर तुमचं. लायसन्स सरकारचं. कुलूपबंद दारांआड माणसं बसवून खेळ चालवायची त्यात मुभा आहे?"

आबांनी पिंजऱ्याच्या कठड्यावर दोन्ही पंजे टेकवले. न्यायाधीशसुद्धा पेन हातात धरून थांबले होते.

"नाही," आबा म्हणाले.

मला थर्ड क्लासमधल्या पोरांसारखी शिट्टी मारावीशी वाटली! बाईंनी एका हातानं माझा दंड दाबून मला खाली बसवलं. मी उभा कधी राहिलो होतो तेच मला कळलं नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात आबा माझ्यासमोरून गेले. दोन पावलं जाऊन थांबले.

"दिगू, बाईनं चितपट केलं की रं मला." हसले नाहीत. पण रागही दिसला नाही. चाचांच्या खांद्यावर हात ठेवून ते जिना उतरून गेले.

निकालाच्या दिवशी शालनही माझ्याबरोबर सोलापूरला आली. कोर्ट खच्चून भरलं होतं. मालकांच्या वकिलांनी शेवटी सांगितलं होतं की त्या दिवशी कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही, मग ढग्याच्या हट्टाला अर्थ काय? न्यायाधीशांनी बराचसा निकाल इंग्रजीत वाचला. मी शालनकडं बघत होतो, शालन बाईंकडं. मग न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि मराठीत सांगितलं.

"त्या दिवशी काही घडलं नाही हे सुदैव. त्याचं श्रेय कुलपांना देता येत नाही. जो हुकूम द्यायचा मालकालाच अधिकार नाही, तो मानला नाही म्हणून नोकराला शिक्षा करता येत नाही. ढगे यांना कामावरून काढणं बेकायदा होतं. त्यांना मागच्या पगारासह परत कामावर घ्यावं."

शालन भर कोर्टात मोठ्यानं म्हणाली, "ऐकलंत का?" शिपाई धावत आला. बिराजदारबाई टेबलावर डोकं टेकून हसत होत्या, का रडत होत्या, ते मला आजतागायत नक्की सांगता येत नाही.

मी परत कामावर गेलो तो शुक्रवार होता. पुन्हा नवा पिक्चर, पुन्हा हाउसफुल्लचा बोर्ड. खमितकर गेटवर होते, त्यांनी नजर वळवली. इतर कुणी काही बोललं नाही. चाचा तर कोर्टानंतर माझ्या समोरच आले नव्हते. मी मनाशी म्हटलं, कोर्टानं नोकरी दिली, माणसं थोडीच दिलीत? जिना चढलो. मशीन पुसलं. रीळ चढवलं. आता दारं बघायला खाली जावं, का कुणावर तरी विश्वास ठेवावा, या विचारात झरोक्यापाशी उभा होतो. तिसरी घंटा झाली, दिवे मंद झाले.

तेवढ्यात खालच्या अंधारातून आवाज आला.

"दिगूभाई, एक नंबर उघडं!"

गफूरचाचा! आवाज म्हातारा, पण खणखणीत. लोक हसले. कुणाला काही कळलं नाही. लगेच पलीकडून दुसऱ्या डोअरकीपरनं हाक दिली, "दोन नंबर उघडं!" मग बायकांच्या बाजूच्या द्वारकाबाईंचा किनरा आवाज, "लेडीज उघडं हो भावजी!"

कुणी ठरवलं हे? कधी ठरवलं? मी कार्बनवर हात ठेवला आणि थांबलो. बोळातल्या चौथ्या दाराची हाक आली नव्हती. तिथला माणूस त्या दिवशी रजेवर होता, हे मला मागाहून कळलं. खाली पाय आपटायला सुरुवात झाली. शिट्ट्या वाढल्या. "ए ऑपरेटर!" मी जागचा हललो नाही.

आणि मग बोळाच्या बाजूनं सगळ्या शिट्ट्यांवर मात करत एक भारदस्त आवाज घुमला.

"चार नंबर मी उघडून धरलंय! आता लाव की रं दिगू, लोकं काय माझ्या तोंडाकडं बघायला आलीत?"

आबा होते. मी कार्बन जुळवले, आणि सगळं थिएटर पांढऱ्याशुभ्र उजेडात न्हाऊन निघालं.